वजन नसलेल्या वस्तूचे मोल

२६ जुलै २००५ रोजी मुंबई जलमय झाली, तेव्हा गटारे तुंबविणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीकडेही बोट दाखविले गेले. २०१८ साली महाराष्ट्रात व्यापक बंदी आली. तरीही पिशव्या कचऱ्यात साचतच राहिल्या. याचे एक कारण पिशवीच्या हलकेपणात आहे. भंगाराचा व्यवहार तराजूवर चालतो. शेकडो पातळ पिशव्या वेचाव्यात, तेव्हा कोठे किलोभर माल भरतो. म्हणून वेचणारी स्त्री बाटली उचलते आणि पिशवी तशीच सोडते.

पुण्यातील अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’ या उपक्रमात हा हिशेब पालटतो. तेथे पिशव्या धुऊन वाळवितात, रंगांप्रमाणे निवडतात आणि कात्रीने त्यांच्या लांब पट्ट्या कापतात. चरख्यावर गुंडाळलेल्या या पट्ट्या हातमागावर बाणा म्हणून विणल्या जातात. त्या कापडातून झोळ्या, बटवे, पाकिटे तयार होतात. मागावर महत्त्व लांबीला असते, आणि ती एका पिशवीतून पुष्कळ मिळते.

अशा विणकामाने कचरा संपत नाही. पिशवीचे आयुष्य तेवढे वाढते. मात्र विणकराच्या हातांना त्यातून काम मिळते. त्या कामाची मजुरी संसाराला पुरेल, तरच ही कला टिकेल.