समुद्रजीवनाचे शिक्षण : प्रारंभ आपल्या किनाऱ्यापासून

(गोव्यातील प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात केलेले भाषण)



समुद्रातील जीवसृष्टी आणि प्राण्यांचे अधिवास मुलांना कसे शिकवावेत, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संयोजकांची आज्ञा आहे. मी सागरशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे. किनाऱ्याकाठच्या गावांत आयुष्याची बरीच वर्षे फळ्यासमोर उभा राहिलेला एक शिक्षक आहे. म्हणून प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक आपणांस सांगतो.

खाडीकाठच्या एका गावात मी चौथीच्या वर्गाला शिकवीत होतो. ‘मासा पाण्यात राहतो, पाण्याबाहेर काढताच मरतो’ असे वाक्य मी फळ्यावर लिहिले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मास्तर, निवटा मरत नाही. आमच्या मानशीकडे तो चिखलावर चालतो.” वर्ग हसला. मलाही तो थट्टा करतो आहे असे वाटले आणि मी त्याला दटावून खाली बसविले. पुढे काही दिवसांनी ऐन ओहोटीच्या वेळी मी त्या मानशीवरून जात होतो. खाली उघड्या पडलेल्या चिखलावर बोटाएवढे मासे छातीच्या परांवर रेलून खरोखरच सरपटत होते, मध्येच उड्या मारीत होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली. परंतु त्या मुलाने त्या वर्षात पुन्हा कधी हात वर केला नाही. ती खंत मला आजही आहे आणि आजच्या भाषणाचे मर्मही तेच आहे.

आपण मुलांना समुद्र शिकवितो तो देवमाशाच्या चित्रापासून. चित्र अवश्य दाखवावे. पण ज्या मुलाच्या घरामागे खाडी आहे, त्याच्या दृष्टीने समुद्रविज्ञानाचा पहिला पाठ त्या खाडीतच आहे. आपण सुरुवात दूरच्या महासागरापासून केली, तर मुलाची अशी समजूत होते की विज्ञान हे दुसरीकडचे असते आणि आपल्या आईवडिलांना ठाऊक असते ते विज्ञान नव्हे.

‘अधिवास’ हा शब्द पाठ्यपुस्तकात येतो आणि मुले ‘प्राण्याचे राहण्याचे ठिकाण’ असा त्याचा अर्थ पाठ करतात. तेवढ्याने काही उमगत नाही. कोणताही जीव दिसला की मुलांनी चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचवितो : हा काय खातो? संकटात कोठे लपतो? श्वास कसा घेतो? याची पिले कोठे वाढतात? या चार प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतात तो त्याचा अधिवास. त्यांपैकी एक जरी सोय नष्ट झाली, तरी तो जीव तेथून नाहीसा होतो.

हे प्रश्न घेऊन प्रथम खडकाळ किनाऱ्यावर जाऊ. भरतीच्या वेळी पाण्याखाली आणि ओहोटीत कडक उन्हात, असे दिवसातून साधारणपणे दोनदा तेथील जीवांचे जग पालटते. खडकाला चिकटलेली कालवे ओहोटीत शिंपा घट्ट मिटून आतले पाणी राखून ठेवतात आणि भरती आली की शिंपा उघडून पाणी गाळून अन्न मिळवितात. वरच्या थरात कोण राहते, खालच्या थरात कोण, याची नोंद मुलांनी करावी. अधिक काळ कोरडे राहणे ज्यांना सोसते तेच वर दिसतात.

नंतर चिखल आणि खारफुटी. आमच्या निवट्याकडे परत येऊ. तो कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओलसर त्वचेतून व तोंडाच्या आतील अस्तरातूनही प्राणवायू घेतो. अंग ओले असेपर्यंतच हे साधते, म्हणून तो चिखल सोडून दूर जात नाही आणि धोका दिसताच बिळात शिरतो. चारही प्रश्नांची उत्तरे त्या एका चिखलात आहेत. खारफुटीची झाडेही अशीच. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची श्वासमुळे खुंटांप्रमाणे जमिनीबाहेर येतात; कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊन खाली पडते. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, जे 1988 साली घोषित झाले, ते अशाच खारफुटीचे आहे. सहलीसाठी त्याहून चांगले ठिकाण क्वचितच सापडेल.

तिसरे स्थळ आपल्या पूर्वजांनी घडविलेले आहे. ते म्हणजे खाजन. बांध घालून खारे पाणी अडविले आणि मानशीची दारे अशी बसविली की भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात व ओहोटीला आपोआप उघडतात. खारेपणा सोसणारे कोरगुट भात आत पिकते आणि पोयीत सुंगटां व मासे वाढतात. येथे मुलांना एक मोठे तत्त्व शिकविता येते. सुंगटांच्या पुष्कळ जाती अंडी समुद्रात घालतात, पिले भरतीबरोबर खाडीत येऊन खारफुटीच्या आश्रयाने वाढतात आणि मोठी झाल्यावर पुन्हा समुद्राकडे वळतात. म्हणजे समुद्रातल्या जाळ्यात सापडणाऱ्या सुंगटाचे बालपण खाडीत गेलेले असते. खाडी बुजविली तर तोटा खोल समुद्रातल्या होडीलाही होतो. तसेच बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले आणि दुरुस्ती झाली नाही, तर भात जाते व तेथे हळूहळू खारफुटी उगवते. शेतकऱ्याचे नुकसान आणि खारफुटीची वाढ ही दोन्ही सत्ये मुलांपुढे ठेवावीत. एकच बाजू सांगून टाळ्या घेऊ नयेत.

चौथे स्थळ वाळूचे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, ती बुजविते आणि परत जाते. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिले बाहेर पडतात. वाळू अधिक उबदार असली तर माद्या अधिक निपजतात. रात्री पिले उजेडाच्या दिशेने जातात. उघड्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असतो; परंतु मागे दिवे झगझगत असतील तर पिले उलट दिशेने जाऊन प्राणास मुकतात. एके काळी ही अंडी लोक खाण्यासाठी उकरीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण आहे आणि आज वन खात्याबरोबर गावचेच लोक त्या घरट्यांची राखण करतात. माणूस बदलू शकतो, हा पाठही मुलांना त्या वाळूवर मिळतो.

आता पद्धतीविषयी थोडे. महिन्यातून एकदा ओहोटीच्या वेळी वर्ग बाहेर न्यावा. भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. तिचा तक्ता मुलांकडूनच करून घ्यावा. पावसाळ्यात समुद्रावर वर्ग नेऊ नये. इतर वेळीही गावातील जाणती दोन माणसे बरोबर असावीत आणि भरती लागण्यापूर्वी परतावे. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवावा, कारण त्याखालचा ओलावा कोणाचा तरी निवारा असतो. जिवंत प्राणी बाटलीत भरून शाळेत आणू नयेत. अधिवासाचा पाठ शिकण्यासाठी प्राण्याला त्याच्या अधिवासातून उचलावे, हे विपरीत होय. कासवांच्या जागी वनरक्षकाच्या अनुमतीवाचून जाऊ नये व विजेरी नेऊ नये.

वर्गात एक नोंदवही ठेवावी. तीत प्राण्याचे घरी चालणारे नाव आधी आणि पुस्तकातील नाव नंतर लिहावे : घरी सुंगटां, पुस्तकात कोळंबी, घरी कुर्ली, पुस्तकात खेकडा. रांपण ओढणारे काका, खुबे व तिसऱ्या वेचणारी मावशी, मानस सांभाळणारे आजोबा यांना वर्षातून एकदा तरी सन्मानाने वर्गात बोलवावे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी का असते, हे एखाद्या तांडेलाने सांगितले तर मुले ते विसरणार नाहीत.

सत्तरी येथील शिक्षक म्हणतील, आमच्याकडे समुद्र कोठे? आपल्याकडे म्हादई आहे. तीच खाली मांडवी होते. वरच्या डोंगरातील माती आणि पाणी शेवटी खाडीत उतरते. आपला ओढा हा त्याच पाठाचा पहिला परिच्छेद आहे.

मित्रहो, आज आपल्या वर्गात बसलेली मुले उद्या ग्रामसभेत बसणार आहेत. खाजनाचा बांध दुरुस्त करावा की नाही, खाडीत भराव टाकू द्यावा की नाही, किनाऱ्यावर दिवे किती असावेत, याचे निर्णय त्यांना घ्यावे लागतील. त्या दिवशी त्यांना चिखलात कोण राहते हे ठाऊक असले पाहिजे आणि उठून ते सांगण्याचे धैर्यही असले पाहिजे. ज्ञान तर पुष्कळांना घरीच मिळते. धैर्य मात्र शाळेत मिळते किंवा शाळेतच हरवते. म्हणून माझी एवढीच विनंती आहे : शेवटच्या बाकावरून एखादा हात वर आला, तर त्याला दटावण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहा आणि त्याच्याबरोबर मानशीपर्यंत चालत जा.