आधी गावच्या पाण्याचा हिशेब
(अहमदपूर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



समुद्रातल्या बेटावरच्या माणसाला आपल्या विहिरीत गोडे पाणी किती, याचा हिशेब ठेवावाच लागतो. विहीर आटली तर हंडा घेऊन शेजारच्या गावाला जाता येत नाही. आपल्याभोवती समुद्र नाही, म्हणून आपण हिशेब ठेवला नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा कळले की आपणही बेटावरच राहतो.

हा हिशेब मांडायला आता कॉलेजची पोरे खेड्यात येतात. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' केंद्र 1985 साली निघाले. तिथले विद्यार्थी गावात मुक्काम करून पाण्याचे प्रश्न अभ्यासतात. 2018 साली आपल्या जिल्ह्यांत आलेल्या पोकरा प्रकल्पात गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत याच आयआयटीच्या मदतीने बसवली. परभणीच्या कृषी विद्यापीठाची मुले कार्यानुभवासाठी गावात राहतात, गावकऱ्यांना घेऊन रांगोळीने शिवाराचा नकाशा काढतात.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. समजा शिवार 500 हेक्टर आणि पाऊस 700 मिलिमीटर. पडले 350 कोटी लिटर. वस्ती 2 हजार, माणशी रोज 55 लिटर धरा. वर्षाला लागले 4 कोटी. शंभरातला जेमतेम एक वाटा! मग उन्हाळ्यात टँकर का? बरेचसे पाणी पीक आणि ऊन पिते, काही ओढ्याने जाते. खाली काळा पाषाण, मुरते ते थोडे. त्या थोड्यावर सगळ्या विहिरी आणि बोअर तुटून पडतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता माझी चूक सांगतो. आमच्या गावात अशी पोरे आली. त्यांनी बोअरची खोली विचारली. होती 400 फूट, मी सांगितली 200. वीज तोडतील, कर बसवतील, ही भीती. सगळ्यांनीच तसे केले. त्यांच्या कागदावर रब्बी ज्वारीला दोन पाणी पुरत होते. शिवारात जानेवारीतच विहिरींनी तळ गाठला. पोरांचे गणित बरोबर होते, आमचे आकडे खोटे होते.

म्हणून पोरे आली की खरे सांगा. पण मोबदल्यात दोन गोष्टी मागा. पहिली, ताळेबंद कॉलेजच्या कपाटात जाण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचला पाहिजे. 2015 पासून 'आमचं गाव, आमचा विकास' मध्ये ग्रामपंचायत आराखडा करते; त्यात तो आला पाहिजे. दुसरी, पाण्याच्या रकान्याशेजारी पैशाचा रकाना हवा. कापूस-ज्वारीला उसापेक्षा पाणी कमी लागते, हे आम्हाला शिकवायला नको. पण वेचणीची मजुरी आणि खताचा खर्च जाऊन हातात काय उरते, तेही मांडा. ज्यात चार पैसे उरतात तेच शेतकरी पेरणार. तो रकाना कोरा ठेवला, तर गावाचा आराखडा अर्धाच.

पोरे परीक्षा देऊन निघून जातील. उन्हाळा आपल्याला काढायचा आहे. हिशेबाची वही गावातच राहिली पाहिजे.