भयाचा व्यापार आणि सावध समाज

(ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपला अहिल्यानगर जिल्हा सहकाराचा आहे, तसाच सैनिकांचाही आहे. दिलेल्या शब्दावर विश्वास आणि गणवेशाविषयी आदर हे आपले संस्कार. दूरध्वनीवरून लुबाडणाऱ्यांनी नेमके याच सद्गुणांवर जाळे टाकले आहे. 'मी लष्करातील जवान, बदली झाली म्हणून सामान स्वस्तात विकतो आहे', असे सांगून आगाऊ रक्कम उकळली जाते. शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर किसान सन्मान योजनेच्या नावाने एक फाईल येते. ती उघडली की यंत्राचा ताबाच परक्याकडे जाऊ शकतो.

याहून क्रूर प्रकार म्हणजे 'डिजिटल अटक'. समोर गणवेशधारी दिसतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, खोली सोडू नका, कोणाशी बोलू नका', असे तो दरडावतो. आयुष्यभर कायदा पाळलेला माणूस पोलिसांच्या नावानेच हादरतो आणि निवृत्तीची पुंजी गमावून बसतो. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या संकटाचा उल्लेख करून थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा मंत्र दिला. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची तरतूदच नाही. कोणताही अधिकारी दूरध्वनीवर चौकशी करून पैसे मागत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. घाई, भय किंवा लोभ आणि गुप्तता ही त्रयी जेथे एकत्र येते, तेथे कपट आहे असे समजावे. फोन ठेवावा. बँकेच्या पासबुकावरील क्रमांकावर आपणच विचारणा करावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तरीही फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेला कळवावे. चोरलेला पैसा काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवला जातो. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक. येथे तरुणांनाही सांगितले पाहिजे. थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते परक्याला वापरावयास देणारा या पापाचा भागीदार ठरतो आणि पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतात. परदेशातील नोकरीच्या आमिषाने गेलेल्या आपल्या तरुणांनाही अशा केंद्रांत डांबून हे काम करावयास लावले गेले. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटलेल्या अशा शेकडो भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले.

बंधूंनो, चोराचे खरे शस्त्र भ्रमणध्वनी नसून आपला एकटेपणा आहे. म्हणूनच 'कोणाला सांगू नका' ही त्याची पहिली आज्ञा असते. मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी, घरी दोन वृद्ध जीव. अशी घरे आज गावोगावी आहेत. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील अशा पाच घरांशी नित्य संपर्क ठेवावा आणि १९३० हा क्रमांक तेथे ठळक लिहून लावावा. फसलेल्याची थट्टा तर कदापि करू नये, कारण लज्जेने गप्प बसलेला माणूस चोराला दुसरी संधी देतो. शेजाऱ्याला निःसंकोच हाक मारता येईल असा समाज उभा करणे, हाच या संकटावरील स्थायी उपाय आहे.