वाल, अवरे आणि सोयाबीन
(बेळगोळ येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही कडधान्यांसारखा रुक्ष विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या घराघरांतून मधुमेहाने आणि रक्तदाबाने जे ठाण मांडले आहे ते पाहता याहून जिव्हाळ्याचा विषय आम्हांस सुचला नाही. परप्रांती येऊन आपण भाषा जपली, गणेशोत्सव जपला. ताट मात्र नकळत बदलत गेले. सकाळी इडली, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. उसळ रविवारपुरती उरली आणि वरण दिवसेंदिवस पातळ झाले. यात येथल्या अन्नाचा काडीमात्र दोष नाही. त्यातले सोपे तेवढे आपल्यापैकी पुष्कळांनी उचलले आणि मोलाचे तसेच राहू दिले, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मोलाचे ते कोणते? थंडी पडली की मैसूरच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. शेजारी त्यांना 'अवरेकाळु' म्हणतात. ती आपल्याच वालाची जात. कोकणातला कडवा वाल, घाटावरचा पावटा आणि येथले अवरे ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच वेलाची भावंडे होत. रायगड जिल्ह्यात याच शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावतात. कोकणी गृहिणी वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडे करते. येथली गृहिणी ओले दाणे पाण्यात ठेवून बोटांच्या चिमटीत दाबते आणि सालीतून सुटलेल्या डाळिंब्यांना 'हितिकिदबेळे' म्हणते. कष्ट तेच, चवही फारशी निराळी नाही. कुळथाचेही तसेच. आपले कुळथाचे पिठले आणि नाचणीच्या मुद्द्याबरोबर येथे वाढले जाणारे 'हुरळी सारु' यांचे गोत्र एकच.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. तूर, मूग, हरभरा यांत शेकडा वीस ते पंचवीस भाग प्रथिने असतात. भाताच्या व गव्हाच्या प्रथिनांत लायसीन हे द्रव्य कमी पडते, ते डाळी पुरवितात. डाळींत मेथिओनीन उणे, ते धान्ये भरून काढतात. वरणभात ही जोडी कोणा शास्त्रज्ञाने जुळविली नव्हती, तरी ती अचूक जुळली आहे. मात्र पाण्यासारख्या वरणाने तो हिशेब साधत नाही. कडधान्यांतील तंतुमय भागामुळे रक्तातली साखर सावकाश चढते, पोट भरल्याची भावना टिकते व कोलेस्टेरॉलही काहीसे उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात शाकाहारी माणसासाठी, २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचविली आहेत. आज रात्री घरी गेल्यावर आपापल्या डब्यातून तेवढी डाळ वजन करून पाहावी. ओंजळ पाहून पुष्कळजण चकित होतील.

या गावापासून जवळच, मैसूरच्या चेलुवांबा महालात, १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी शेंगदाण्याच्या व हरभऱ्याच्या पिठांपासून गोरगरिबांसाठी पौष्टिक 'बहुउद्देशीय अन्न' सिद्ध केले होते. महागड्या डब्यांतील प्रथिनांच्या भुकट्यांवर पैसा ओतणाऱ्या तरुण मंडळींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

सोयाबीनविषयी नेहमी विचारले जाते. त्यात प्रथिने शेकडा छत्तीस ते चाळीस, म्हणजे तुरीच्या दीडपटीहून अधिक. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी त्याचे प्रयोग करविले आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिले. आज विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची शेते दूरवर पसरली आहेत. पण दाणा जातो तेलाच्या गिरणीत आणि पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात. मराठी शेतकरी जे पिकवितो ते मराठी ताटात क्वचितच येते, ही गोष्ट आम्हांस विचित्र वाटते. तथापि सोयाबीन म्हणजे संजीवनी नव्हे. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सोया-प्रथिने हृदयरोग टाळण्यास साहाय्यक असल्याचा दावा करू दिला. २०१७ साली त्याच प्रशासनाने पुरावा पुरेसा एकमुखी नाही म्हणून ती मुभा काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. कोलेस्टेरॉल उतरते, पण शेकडा तीन-चारच. दळणात गव्हाबरोबर थोडे सोयाबीन मिसळावे, सोयावडीची भाजी अधूनमधून करावी, इतपत आमचे मत.

करताना काही पथ्ये आहेत. सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील पचनास अडथळा आणणारा घटक नीट शिजविल्यानेच नाहीसा होतो. दळणात घालावयाचे तर आधी भाजून घ्यावे. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे व निदान दहा मिनिटे खळखळून उकळावा. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात. उसळीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक अंगी लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते वाया जाते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आमचे न ऐकता आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.