धातूची दिशा आणि कसोटी
(उदगीर येथील व्याख्यानातून)



लाकूड रेषेच्या दिशेने सहज चिरते, आडवे चिरत नाही, हे उदगीरच्या सुताराला सांगावे लागत नाही. लाटून काढलेल्या पत्र्यालाही अशीच दिशा असते. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. लाटताना धातूचे कण एका दिशेने लांबतात.

म्हणून लाटण्याच्या दिशेशी ०, ४५ व ९० अंशांत तीन पट्ट्या कापून त्या यंत्रात ताणतात. भार काढल्यावरही जी वाढ उरते, ती कायमची विकृती होय. तीत रुंदी अधिक घटली की जाडी, याचे गुणोत्तर दिशेनुसार बदलते. १९४८ साली रॉडनी हिल यांनी या वर्तनाचे गणित मांडले. खोल भांड्याचा काठ घडविताना खालीवर होतो, तो याच कारणाने. घडीची रेषा लाटण्याच्या दिशेला समांतर असली, तर पत्रा लवकर तडकतो.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेल्या या जिल्ह्यात धातू तुटण्यापूर्वी किती वाकतो, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पंचायतीने टाकी वा छपरासाठी पत्रा घेताना परीक्षेचा दाखला मागावा. नमुना कोणत्या दिशेने कापला होता, हेही विचारावे. एकाच दिशेची कसोटी म्हणजे अर्धेच उत्तर.