वर्गात एक फोन पुरे
(शिक्षकांच्या कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शिक्षक नाही. चाळीस मुलांना पस्तीस मिनिटं बसवून अपूर्णांक शिकवणं मला जमणार नाही, संगणकालाही जमणार नाही. म्हणून ‘एआय शिक्षकाची नोकरी खाणार का’ या प्रश्नावर आज वेळ घालवत नाही.

आपल्या मोहल्ल्यात पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो. दिवसभर तो वडिलांबरोबर कामावर, संध्याकाळी आधी मुलाच्या हातात. मुलीचा नंबर लागेपर्यंत बॅटरी संपलेली असते, नाहीतर स्वयंपाकघरातून हाक आलेली असते. ‘घरी ॲपवर अभ्यास करा’ म्हटलं की मुली पहिल्याच दिवशी मागे पडतात. म्हणून माझं म्हणणं, साधन शिक्षकाच्या हातात असू द्या.

आता गणिताकडे येऊ. १/३ अधिक १/४. उत्तर ७/१२. चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला ‘अपूर्णांकांचे दहा प्रश्न दे’ म्हणालात तर ते देईल. ते तुम्हीही चहा पिता पिता काढले असते. त्याऐवजी असं सांगा : ‘चार पर्याय दे. तीन चुकीचे पर्याय असे हवेत, की मुलानं कोणता निवडला यावरून त्याचं कुठं अडलंय ते कळावं.’ मग २/७, २/१२, १/१२ असे पर्याय मिळू शकतात. २/७ म्हणणाऱ्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. २/१२ म्हणणाऱ्याला छेद समान करायचे हे कळलंय, पण अंश बदलायचे राहून गेले. १/१२ म्हणणाऱ्यानं सरळ गुणाकार केला. वहीत तिघांनाही सारखीच लाल फुली मिळते. आणि तिघांना एकच धडा पुन्हा शिकवला, तर दोघांचा तास वाया जातो.

ही उत्तरं चाळीस मुलांकडून लगेच कशी घ्यायची? हात वर करा म्हटलं की सगळे हुशार मुलाकडे बघून हात वर करतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. त्यात मुलांच्या हातात फक्त कागदाचं छापील कार्ड असतं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फायदा नाही. शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलगीही त्यात मोजली जाते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

उर्दू शाळांच्या शिक्षकांसाठी आणखी एक काम. आपली मुलं दहावीपर्यंत ‘कसर’, ‘शुमार-कुनिंदा’, ‘नसबनुमा’ शिकतात. अकरावी सायन्सच्या वर्गात फ्रॅक्शन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर सुरू होतं, आणि चांगलं गणित येणारा मुलगा मान खाली घालून बसतो. मीही त्याच वाटेनं गेलोय. त्याला गणित येत असतं, अडतो तो शब्दांपाशी. दर धड्याला उर्दू, मराठी, इंग्रजी अशी तीन रकान्यांची शब्दयादी एआयकडून करून घ्या आणि आठवीपासूनच भिंतीवर लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

पण यादी लावण्याआधी तपासा. हे यंत्र पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितं. शब्द माहीत नसला तरी अडखळत नाही, ऐटीत दुसराच ठोकून देतं. बालभारतीची मराठी, उर्दू आणि इंग्रजी पुस्तकं शेजारी ठेवा. पुस्तकातला शब्द तोच खरा. बोलून टाइप करत असाल तर भाषा ‘उर्दू’ निवडा. बोलताना उर्दू आणि हिंदी इतक्या जवळ आहेत, की यंत्र खुशाल देवनागरीत लिहू लागतं.

मुलांची नावं, आधार क्रमांक, घरची परिस्थिती यातलं काहीही चॅटमध्ये टाकू नका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. प्लिकर्समध्येही नाव नको, हजेरी क्रमांक पुरतो.

कोणी म्हणेल, आमच्याकडे नेटवर्क नाही. प्रश्न घरी तयार करा, फळ्यावर लिहा, आणि मुलांना चार रंगांचे पुठ्ठे द्या. शेजाऱ्याचं दिसेल, म्हणून आधी डोळे मिटायला सांगा. कोणत्या चुकीवर किती पुठ्ठे वर आले ते मोजायला इंटरनेट लागत नाही.

मागच्या टेबलावर कार्डांचे गठ्ठे आहेत. पुढच्या अर्ध्या तासात प्रत्येकानं आपल्या विषयाचा एकच प्रश्न तयार करायचा आहे, तीन कामाच्या चुकांसह. गणिताच्या शिक्षकांनी कृपया अपूर्णांक सोडून दुसरं काहीतरी घ्या.