पाणबुड्याचा सिलिंडर आणि त्याची परीक्षा

भोर व वेल्हे (आतांचा राजगड) हे तालुके जसे डोंगरांचे, तसेच मोठ्या जलाशयांचेहि आहेत. भोरमध्यें भाटघर, वेल्ह्यांत गुंजवणी. भाटघरच्या पाण्यांत २०२२ च्या मे महिन्यांत पांच स्त्रिया बुडून मृत्यु पावल्या. असा प्रसंग ओढवला म्हणजे शोधासाठीं पाणबुडे उतरतात. कोणी केवळ दम धरून, तर कोणी पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून. जो सिलिंडर बांधतो, त्याचा प्राण त्या धातूच्या भरंवशावर असतो.

बारा लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरांत सुमारें २,४०० लिटर हवा कोंडलेली असते. तिचा दाब वातावरणाच्या सुमारें २०० पट, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या जवळजवळ शंभरपट होतो. म्हणूनच सिलिंडराची ठराविक मुदतीनें परीक्षा करावी लागते.

परीक्षेचा पहिला भाग डोळ्यांचा. हवा सोडून, झडप काढून आंत दिवा सोडतात आणि गंज, खड्डे व आट्यांजवळच्या चिरा पाहतात. हवेबरोबर ओलावा आंत गेला तर पोलाद गंजतें, आणि गंज चढतांना आंतील प्राणवायूच खर्ची पडतो. दीर्घकाळ पडून राहिलेल्या अशा सिलिंडराचा कांटा भरपूर दाब दाखवील, परंतु ती हवा घेणाऱ्यास मूर्च्छा येऊं शकेल.

दुसरा भाग पाण्याच्या दाबाचा. सिलिंडर पाण्यानें भरून, पाण्यानेंच भरलेल्या बंद पात्रांत ठेवतात आणि आंतील दाब सामान्यतः नेहमींच्या दीडपट करतात. धातु किंचित् फुगतो व तेवढें पाणी बाहेरील मापनळींत चढतें. दाब काढल्यावर तें पुन्हां उतरलें पाहिजे. एकूण फुगीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक फूग कायम राहिली, तर सिलिंडर बाद होतो. पाणी दाबानें फारसें आकसत नाहीं. म्हणून या परीक्षेंत सिलिंडर फुटला तरी कोंडलेल्या हवेसारखा स्फोट होत नाहीं.

भारतांत गॅस सिलिंडरांचे नियम प्रथम १९४० सालीं झाले. त्यांचें नवें रूप २०१६ चें आहे. परीक्षेची तारीख सिलिंडरावर ठोकलेली असते.

नित्य वापरांतील सिलिंडराकडे सहज लक्ष जातें. आपत्तीसाठीं राखलेला मात्र कोपऱ्यांत पडून राहतो, आणि संकटाच्या घाईंत तारीख पाहण्यास कोणास सवड नसते. ती पावसाळ्यापूर्वींच पाहून ठेवावी. बुडालेल्यास शोधण्यासाठीं उतरणाऱ्यानें सुखरूप वर यावें, एवढी काळजी तरी कांठावरील मंडळींनीं घेतलीच पाहिजे.